लादिपो शोलांके यांच्यावर वीस मिनिटं कसं बोलायचं

नागपुरातल्या वसतिगृहांमध्ये भाषणांचे दोन हंगाम असतात. एक एप्रिलमधला जयंतीचा आठवडा, दुसरा डिसेंबरमधला महापरिनिर्वाण दिन. मी मुलींच्या सरकारी वसतिगृहात गृहपाल होते. आता निवृत्त झाले आहे, तरी हे दिवस जवळ आले की मुलींचे फोन सुरू होतात. "मॅडम, या वेळी बाहेरच्या देशातलं कुणी सुचवा ना. मंडेला झाले, मार्टिन ल्यूथर किंग झाले." मी सुचवते ते नाव बहुतेकींनी ऐकलेलं नसतं: लादिपो शोलांके. नायजेरियातल्या योरुबा समाजातले बॅरिस्टर आणि राष्ट्रवादी. लंडनमध्ये राहून त्यांनी ब्रिटिश सत्तेशी पंचवीस वर्षांहून जास्त काळ झुंज दिली, आणि त्यातली कितीतरी वर्षं ते एका वसतिगृहाचे वॉर्डन होते. होस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलामुलींनी बोलावं असा याहून जवळचा माणूस मला सापडलेला नाही. म्हणून फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

पहिली गोष्ट. जन्मापासून सुरुवात करू नका. "अमुक साली तमुक गावी एका गरीब कुटुंबात" असं वाक्य आलं की मागच्या रांगेतले मोबाईल बाहेर निघतात. शोलांकेंची गोष्ट खोलीपासून सुरू होते. हॉलमध्ये विचारा, गडचिरोलीहून, गोंदियाहून, पुसदहून नागपुरात आल्यावर होस्टेलची यादी लागेपर्यंत किती जणी भाड्याची खोली शोधत फिरल्या? घरमालकाने नावानंतर लगेच आडनाव विचारलं, आडनाव ऐकून "खोली कालच गेली" म्हणाला, हे किती जणींच्या वाट्याला आलं? हात वर येतील. ते हात खाली जायच्या आत सांगा की १९२० च्या दशकात लंडनला शिकायला गेलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांनाही दारं अशीच बंद व्हायची. तिथे आडनाव विचारायची गरज नव्हती. दार उघडणाऱ्या बाईला समोर चेहरा दिसायचा, तेवढं पुरे होतं.

मग श्रोत्यांच्या मनात येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्या: एवढा अपमान सोसून जायचंच कशाला? ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पश्चिम आफ्रिकेत तेव्हा वकिलीचं शिक्षण देणारी संस्था नव्हती. नायजेरियात वकील घडवणारी संस्था स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात निघाली. तोवर कोर्टात उभं राहायचं तर लंडनला जाऊन बॅरिस्टर होऊन यावं लागे. आणि वकिलीचं आकर्षण मोठं होतं, कारण सरकारी नोकरीतल्या वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या असत. वकील मात्र कुणा साहेबाच्या हाताखाली नसतो, सरकारविरुद्ध बोलूनही त्याची रोजी चालू राहते. म्हणून तिकडचे शिकलेले तरुण कायद्याकडे वळायचे आणि लंडनमध्ये खोली शोधत फिरायचे. शोलांके त्यांच्यातलेच. १९२२ साली ते युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये कायदा शिकायला आले तेव्हा पस्तिशीत होते.

आता मागे जाऊन जन्माबद्दल दोन मिनिटं बोला, जास्त नको. जन्म १८८६ च्या सुमारास, अबेओकुटा शहरात. ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाने वसलेलं हे एग्बांचं, म्हणजे योरुबांमधल्या एका शाखेचं शहर. १८९३ च्या तहाने ब्रिटिशांनी एग्बांचा अंतर्गत कारभार त्यांच्याकडे ठेवला होता. १९१४ साली उत्तर आणि दक्षिण जोडून नायजेरिया नावाची एकच वसाहत बनवली, आणि त्याच वर्षी अबेओकुटाचं हे वेगळेपणही गेलं. पुढे १९१८ साली कर आणि सक्तीच्या श्रमाविरुद्ध तिथे मोठा उठाव झाला. म्हणजे स्वतःचं सरकार कसं असतं आणि ते कसं जातं, हे या माणसाच्या ऐन तारुण्यात त्याच्याच गावात घडलं होतं. सिएरा लिओनमधल्या फोरा बे कॉलेजात शिक्षण झालं, एवढं सांगितलं की पुन्हा लंडनला या.

इथे एक मोह होईल, आणि नागपुरात तर होणारच. बाबासाहेब १९२१–२२ साली लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोडवर राहात होते. तेच घर महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केलं. १९२२ सालीच ते बॅरिस्टर झाले. शोलांके लंडनला आले तेही १९२२ साली, कायदाच शिकायला. पुढे शोलांकेंचं वसतिगृह ज्या कॅम्डन रोडवर उभं राहिलं तो रस्ताही किंग हेन्रीज रोडपासून फार लांब नाही. हे सगळं जरूर सांगा. नकाशा लावून दोन्ही जागांवर खूण केलीत तर फारच छान. पण "दोघे भेटले असतील, बोलले असतील" असं एक अक्षरही जोडू नका. टाळ्या मिळतील, पण खोट्या गोष्टीवर मिळतील. एकाच शहरात, एकाच सुमाराला, दोन गुलाम मुलखांतली दोन माणसं राज्यकर्त्यांचाच कायदा शिकत होती, हे सत्य पुरेसं मोठं आहे. "आफ्रिकेचे आंबेडकर" असा मथळाही देऊ नका. त्याने दोघांवर अन्याय होतो. शोलांकेंना त्यांच्या स्वतःच्या नावाने हॉलमध्ये येऊ द्या.

सनांचं काय करायचं ते सांगते. परक्या इतिहासाच्या तारखा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहात नाहीत. त्या आपल्या गावातल्या खुंट्यांना अडकवून ठेवायच्या. १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृत परिषद भरली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबासाहेब लंडनला गेले. १९२३ साली नागपूरचा झेंडा सत्याग्रह. तो संपून वर्षही होत नाही तोच, १९२४ च्या वसंतात, लंडनजवळ वेम्बली इथे साम्राज्याचं भव्य प्रदर्शन भरलं. वसाहतींमधला माल आणि माणसं दोन्ही तिथे मांडून दाखवली होती. त्या निमित्ताने लंडनच्या एका सायंदैनिकाने पश्चिम आफ्रिकेबद्दल नरमांस खाण्याच्या आणि जादूटोण्याच्या गलिच्छ गोष्टी छापल्या. शोलांकेंनी त्याचा निषेध करणारं पत्र 'वेस्ट आफ्रिका' या नियतकालिकात लिहिलं. त्यांची सार्वजनिक ओळख या पत्रापासून सुरू होते.

ते पत्र वाचून एका बाईने त्यांच्याशी संपर्क साधला: एमी ॲशवुड गार्वी. काळ्या लोकांच्या चळवळीचे जमैकातले नेते मार्कस गार्वी यांची पहिली पत्नी, आणि स्वतःच्या बळावर उभी असलेली कार्यकर्ती. दोघांनी १९२४ च्या जुलैमध्ये मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन नायजेरियन प्रोग्रेस युनियन काढली. त्याच उन्हाळ्यात शोलांके रेडिओवरून योरुबात बोलले. योरुबातलं ते पहिलं प्रसारण. पुढच्या वर्षी, ७ ऑगस्ट १९२५ ला, सिएरा लिओनचे डॉ. हर्बर्ट बँकोल-ब्राइट यांच्या पुढाकाराने वेस्ट आफ्रिकन स्टुडंट्स युनियन स्थापन झाली. तिची आद्याक्षरं जोडून सगळे तिला 'वासू' म्हणायचे. स्थापना करणारे एकवीस जण होते, सगळे कायद्याचे विद्यार्थी. नायजेरिया, गोल्ड कोस्ट (म्हणजे आजचं घाना), सिएरा लिओन, गांबिया, असे चार वसाहतींतले लोक एका छताखाली आले. शोलांके सरचिटणीस झाले. १९२६ साली ते बॅरिस्टर झाले, त्याच वर्षी संघटनेचं नियतकालिकही सुरू झालं. हा भाग भराभर सांगून टाका. संस्थांची नावं लागोपाठ आली की ऐकणारा थकतो. फळ्यावर फक्त 'वासू, १९२५' लिहा.

खरा मुक्काम पुढे आहे. संघटनेच्या उद्दिष्टांत स्वतःचं वसतिगृह पहिल्यापासून होतं. १९२८ साली मार्कस गार्वींनी पश्चिम केन्सिंग्टनमधलं एक घर वर्षभरासाठी वापरायला दिलं. वर्ष संपलं आणि पुन्हा रस्ता. तेव्हा शोलांकेंनी बोटीचं तिकीट काढलं आणि १९२९ पासून १९३२ पर्यंत पश्चिम आफ्रिकेत फिरून वसतिगृहासाठी वर्गणी गोळा केली. गावोगावी सभा घेतल्या, वासूच्या शाखा काढल्या, राजांकडे गेले, व्यापाऱ्यांकडे गेले. बॅरिस्टरची सनद खिशात होती. लागोसमध्ये पाटी लावून बसले असते तर बरं कमावलं असतं. ती तीन वर्षं त्यांनी विटा आणि पलंगांसाठी दिली.

इथे थांबा, घाई करू नका. मी इतकी वर्षं मेसची वही, गाद्यांचा हिशेब, नळदुरुस्तीची बिलं सांभाळली आहेत, म्हणून अधिकाराने सांगते: वसतिगृह चालवणं हे राजकारणच आहे. मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री निवांत झोपली तर ती पास होते. पास झाली तर तिच्या मागून तिच्या गावातली दुसरी येते. आपल्याकडे दलित मुलांच्या चोखामेळा वसतिगृहात राहून शिकलेल्यांनी पुढे काय काय केलं हे नागपूरला सांगायची गरज नाही. शोलांकेंना हे समजलं होतं. भाषणात त्यांची घोषणा सांगण्यापेक्षा त्यांचा खर्च सांगा. घरभाडं, कोळसा, दिवा, स्वयंपाक, पाहुण्यांचा चहा अशी यादी फळ्यावर लिहा. आकडे मनाने भरू नका, रकाना रिकामा राहू द्या. आणि विचारा, हे सगळं परक्या देशात, सरकारचा एक पैसा न घेता उभं करायचं तर काय काय करावं लागेल? मुली स्वतःच बोलायला लागतात. वीस मिनिटांतली पाच इथे गेली तरी चालेल.

१९३३ साली कॅम्डन रोडवर ते वसतिगृह उघडलं. शोलांके वॉर्डन. १९३२ साली त्यांचं ओपेओलू ओबिसान्या यांच्याशी लग्न झालं होतं. त्या लंडनला आल्या आणि घराचा सगळा भार त्यांनी उचलला. आफ्रिकी जेवण मिळणारी, नाचगाणं, वादविवाद आणि सभा होणारी ती जागा होती. नव्याने उतरलेल्या मुलाला पहिला मुक्काम तिथे करता यायचा. ओपेओलूंना विद्यार्थी वासूची आई म्हणायचे. बहुतेक भाषणांत त्या "आणि त्यांच्या पत्नीने साथ दिली" एवढ्या वाक्यात उरकल्या जातात. माझी विनंती आहे, तसं करू नका. इतक्या जणांचं रोजचं जेवण, आजारपणं, घरच्या आठवणीने रडणारी पोरं, भाडं न देऊ शकणारी पोरं, हे सगळं कोण बघत होतं? त्यांना भाषणात नावानिशी किमान दोन मिनिटं द्या. होस्टेलच्या मेसमधल्या मावशी हॉलमध्ये असतील तर त्यांना पुढे बसवा.

यानंतर १९३४ येतं, आणि भाषणातला सगळ्यात कठीण भागही. ब्रिटिश सरकारच्या वसाहत कार्यालयालाही आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह हवं होतं, पण आपल्या देखरेखीखालचं. तरुण पोरं कम्युनिस्टांच्या नादी लागतील ही भीती त्यामागे होती. त्यांनी डाउटी स्ट्रीटवर ॲग्री हाउस उघडलं, गोल्ड कोस्टचे शिक्षणतज्ज्ञ जेम्स ॲग्री यांच्या नावाने. वासूने पत्रक काढून सांगितलं की हा विद्यार्थ्यांना ताब्यात ठेवण्याचा सरकारी डाव आहे, आणि बहिष्काराची हाक दिली. दुसरीकडे जमैकाचे डॉ. हॅरल्ड मूडी आणि त्यांची संघटना, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठीच लढणारी माणसं, ॲग्री हाउसच्या बाजूने होती. मूडींना खलनायक करू नका. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोराला छप्पर कुणाच्या का पैशाने मिळेना, मिळू दे, असं म्हणणारा माणूस वाईट नसतो.

इथे हॉलचे दोन भाग करा. डावीकडचे ॲग्री हाउसच्या बाजूने, उजवीकडचे वासूच्या. प्रत्येक बाजूच्या दोघींना एकेक मिनिट द्या. हा वाद आपल्या मुलींना पुस्तकातून समजावा लागत नाही. सरकारी वसतिगृहात जागा हवी की सरकारच्या स्वाधार योजनेची रक्कम घेऊन बाहेर राहायचं, संस्थेच्या होस्टेलमध्ये राहिलं तर तिथल्या कार्यक्रमांना बसावं लागेल का, पैसे देणाऱ्याने नियम केले तर कुठवर ऐकायचं, हे त्या दरवर्षी जून-जुलैमध्ये आपसांत बोलतच असतात.

वाद रंगला की पुढची गोष्ट सांगा, आणि ती लपवू नका. १९३८ साली वासू कॅम्डन स्क्वेअरजवळच्या मोठ्या घरात गेलं. तोवर वसाहत कार्यालयाशी समझोता झाला होता आणि त्यांची मदतही स्वीकारली होती. पश्चिम आफ्रिकेत व्यापार करणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांकडूनही देणग्या आल्या. चार वर्षांपूर्वी ज्यांच्यावर पत्रक काढलं त्यांचाच पैसा. आमच्या एका मुलीने भाषणाचा मसुदा दाखवला तेव्हा हा परिच्छेद गाळलेला होता. "मॅडम, त्यांची प्रतिमा खराब होईल," म्हणाली. मी तो परत घालायला लावला. भाडं थकलेलं असताना, खोल्या भरलेल्या असताना, दारात आणखी मुलं उभी असताना माणूस काय करतो ते या परिच्छेदात आहे. आणि पैसा घेतल्यावर तो गप्प बसला का, हे ताडून बघायलाही पुढचा भाग आहे.

तो गप्प बसला नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. प्रत्येक लोकसमूहाला आपलं सरकार निवडायचा हक्क, असं तिच्यात होतं. दुसऱ्याच दिवशी चर्चिल यांच्या मंत्रिमंडळातले मजूर पक्षाचे नेते क्लेमंट ॲटली वासूच्या विद्यार्थ्यांपुढे बोलले की ही तत्त्वं सगळ्या वंशांना लागू आहेत. सप्टेंबरमध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगून टाकलं की ती मुख्यतः नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहेत. भारताचं नाव घेऊन सांगितलं की तिथल्या धोरणात त्यामुळे फरक पडत नाही. वासूने १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारला निवेदन दिलं: अंतर्गत स्वराज्य आत्ता द्या, आणि युद्ध संपल्यावर पाच वर्षांत पूर्ण स्वराज्याची हमी द्या. त्याच महिन्यात क्रिप्स दिल्लीतून रिकाम्या हाताने परतले. जुलैमध्ये नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले. एप्रिल ते ऑगस्ट हे महिने एका कागदावर ओळीने लिहून भित्तिपत्रकाच्या मधोमध लावा. बाकी चित्रं, रंग, सुविचार बाजूला ठेवलेत तरी चालेल.

बॅरिस्टर शोलांकेंनी गाजवलेला खटला कोणता, असं कुणी विचारेल. त्यांची वकिली कोर्टात फारशी चालली नाही. संघटनेची घटना, निवेदनं, मंत्र्यांना पत्रं, खासदारांसाठी तयार केलेले प्रश्न यांत ती खर्ची पडली. मजूर पक्षाचे रेजिनाल्ड सोरेन्सन त्यांच्या बाजूने पार्लमेंटात उभे राहात. हेच सोरेन्सन भारताच्या स्वातंत्र्यासाठीही बोलत. म्हणून त्यांना "नामवंत कायदेपंडित" वगैरे विशेषणं लावू नका. वकील होते म्हणा, आणि कायद्याचं काय केलं ते सांगा.

काही बारीक गोष्टी. नावं आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून बघा, अबेओकुटा आणि ओपेओलू जिभेवर बसायला हवीत. आफ्रिका हा एक देश असल्यासारखं बोलू नका. नायजेरिया म्हणा, योरुबा म्हणा, एग्बा म्हणा. 'हबशी' हा शब्द जुन्या पुस्तकांतून आपोआप लेखणीत उतरतो, तो खोडून टाका. कागद संपूर्ण लिहून काढा, पण हातात घेऊन वाचू नका. चार मुद्द्यांची चिठ्ठी पुरे: खोली, वर्गणी, ॲग्री हाउस, १९४२. कुणाला पुढे अभ्यास करायचा असेल तर सांगा की शोलांकेंची कागदपत्रं लागोस विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत, आणि ती जिथे आहेत त्या ग्रंथालयाला गांधीजींचं नाव आहे.

शेवट गोड करू नका, कारण तो तसा नव्हता. १९४५ नंतर नवी पिढी आली. पुढे घानाचे पहिले पंतप्रधान झालेले क्वामे एन्क्रुमा वासूचे उपाध्यक्ष झाले, तरुणांना वेग हवा होता, ते डावीकडे वळले. १९४० चं दशक संपता संपता भांडणं विकोपाला गेली आणि शोलांकेंच्या हातून त्यांचीच संघटना गेली. त्यानंतरही त्यांनी लंडनमध्ये विद्यार्थ्यांसाठी घर चालवलं. २ सप्टेंबर १९५८ ला लंडनमध्येच कर्करोगाने त्यांचं निधन झालं. नायजेरिया स्वतंत्र झाला १ ऑक्टोबर १९६० ला.

"मग त्यांना काय मिळालं?" हा प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या मुलीकडून. उत्तराची घाई करू नका. वासूच्या घरांतून गेलेली मुलं पुढे आपापल्या देशांत वकील, संपादक, मंत्री झाली हे सांगा, आणि माईक तिच्याकडेच द्या. नंतर पाच मिनिटं राखून ठेवा आणि जाहीर करा की पुढच्या जूनमध्ये गावाकडून कुणाची बहीण, मैत्रीण, शेजारीण नागपुरात शिकायला येणार असेल तर तिचं नाव आणि कॉलेज दाराशी ठेवलेल्या वहीत लिहा. वही आणि पेन आधीच ठेवा, आणि जूनपर्यंत ती कुणाकडे राहील हे त्याच दिवशी ठरवा.